स्वमग्न कोणाला म्हणावे? : एका शब्दाचा इतिहास

नेर परसोपंतच्या आमच्या जुन्या घरात ओसरीला लागून एक अंधारी खोली होती. सीतादही होऊन वेचणी सुरू झाली की त्या खोलीत कापूस येऊन पडू लागे आणि दिवाळीपर्यंत ती निम्मीअधिक भरलेली असे. वडिलांचे एक चुलतभाऊ आमच्यातच राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. गाव त्यांना माघारी, आणि पुष्कळदा तोंडावरही, ‘बयाड’ म्हणे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला फटाका वाजण्याआधीच काका त्या खोलीत शिरत आणि कापसात छातीपर्यंत स्वतःला पुरून घेत. रात्री उशिरा गाव शांत झाले की बाहेर येत.

हेच काका एरवी ओट्यावर बसलेले असले की मोटार दिसण्याच्या कितीतरी आधी सांगत, की येणारी एस.टी. यवतमाळकडची आहे की अमरावतीकडची, आणि कालचीच गाडी आहे की दुसरी. सहसा चुकत नसत. भाकरीला भाजीचा रस्सा लागलेला त्यांना चालत नसे. कोऱ्या कापडाचा सदरा अंगात घातला की विंचू चावल्यासारखे करत.

मी दहा वर्षांचा असताना एका दिवाळीत गंमत म्हणून त्या खोलीच्या उंबऱ्यावर लवंगीची माळ लावली. आजीने मला त्या रात्री जेवढे मारले तेवढे पुन्हा कधी मारले नाही. ‘कापूस पेटला असता ना रे लेका!’ असे ती परत परत म्हणत होती. कापूस पेटला नाही. काका मात्र दोन दिवस बाहेर आले नाहीत. मला मिळालेला मार कापसाबद्दलचा होता. काकांबद्दल मला कोणी काही बोलले नाही.

काकांचे निदान कधी झाले नाही, आणि त्यांच्यामागे ते मी करणे योग्यही नाही. पण पुढे ‘ऑटिझम’साठी मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द वाचनात आला, त्या अवस्थेची लक्षणे वाचली, तेव्हा लक्षणांनी काकांची आठवण करून दिली आणि शब्दाने गोंधळात टाकले. काका स्वतःत मग्न होते असे मला कधी वाटलेच नव्हते. जग त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते असे नव्हे. ते आमच्यापेक्षा लवकर आणि आमच्यापेक्षा जोरात पोहोचत होते. मग ज्या माणसांवर जग असे कोसळते त्यांना ‘स्वतःत बुडालेले’ हे नाव पडले कसे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

शब्द येण्यापूर्वी

ऑटिझम हे नाव विसाव्या शतकातले. अशी माणसे अर्थातच त्याआधीही होती. पण इतिहासात त्यांना शोधायला निघालेल्याला पहिला धडा संयमाचा घ्यावा लागतो. आपल्या वऱ्हाडातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू तेराव्या शतकात तेथे राहिले. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात, म्हणजे ‘ऋद्धिपूरलीळे’त, त्यांच्या वागण्याच्या बारीकसारीक नोंदी आहेत: कोणाच्याही घरात जाणे, समोर असेल ते खाणे, मुलांमध्ये मूल होऊन खेळणे, मनास येईल तेव्हा हसणे वा रागावणे. गावकरी त्यांना वेडे म्हणत आणि भक्त परमेश्वर मानत. ग्रंथकर्त्याने यातली कोणतीही बाजू लपवलेली नाही.

या नोंदींवर आजच्या वैद्यकशास्त्राचा शिक्का मारण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळला पाहिजे. एक तर तो भक्तांच्या श्रद्धेचा अधिक्षेप ठरेल, आणि दुसरे म्हणजे लीळा हा रुग्णाचा कागद नव्हे. लीळा सांगणाऱ्यांनी जे महत्त्वाचे मानले ते आपले प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून मानलेले नाही. इतिहासाला या ग्रंथातून घेता येण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या एका वऱ्हाडी गावात चारचौघांसारखे न वागणाऱ्या व्यक्तीसाठी घरांची दारे उघडी होती, आणि ‘वेडा’ हा शब्द उच्चारणारे लोकच तिला जेवू घालत होते. शब्द आणि वागणूक या दोन गोष्टी नेहमी एका दिशेने जातातच असे नाही, एवढे त्यावरून दिसते.

इंग्रजी अमदानीत ही माणसे रकान्यांत शिरली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. खानेसुमारीत माणसांबरोबर त्यांच्या व्यंगांचीही मोजदाद होऊ लागली आणि ती १९३१पर्यंत चालली. रकाने चार: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ सालचे. तेव्हाच्या एखाद्या खेड्यात बोलायला न लागलेले, हाक मारली तरी न वळणारे, पण लांबच्या आवाजाने कान झाकून घेणारे मूल असेल, तर दारात आलेल्या गणकाने त्याला कोणत्या रकान्यात घातले असेल? मुक्यांत, वेड्यांत किंवा कुठेच नाही. तिसरी शक्यता मला सर्वांत मोठी वाटते, कारण घरचे लोक असे काही परक्याला सहसा सांगत नाहीत.

कायद्याची भाषा तर आणखी आखूड होती. १९१२च्या ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ने जन्मतः मंदबुद्धी आणि विकृत मनाचे असे सगळे एकाच व्याख्येत कोंबले. तो कायदा जाऊन १९८७चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत पाऊणशे वर्षे गेली. या काळातील कागदपत्रांतून एखाद्याला काय ऐकू येत होते, कोणता स्पर्श सोसत नव्हता, हे कळण्याचा मार्ग नाही. ज्याची नोंद करण्याची कोणाला गरज वाटली नाही, ते इतिहासात उरत नाही.

शब्दाचा जन्म

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आपल्या आंतरिक जगात जातात, या लक्षणाला त्यांनी १९१०-११च्या सुमारास हे नाव दिले. हा शब्द मुलांसाठी तयार झालेला नव्हता, आणि त्यांच्या संवेदनांशी तर त्याचा काही संबंधच नव्हता. पुढची सगळी गुंतागुंत या उसनवारीतून सुरू झाली.

मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली रशियनमध्ये आणि पुढच्या वर्षी जर्मनमध्ये सहा मुलग्यांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी शब्द वेगळे वापरले, पण आज वाचताना ती मुले ओळखीची वाटतात. आवाजांचा आणि वासांचा त्यांना होणारा त्रास सुखारेवांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. हे काम पाश्चात्त्य जगात अनेक दशके जवळजवळ विस्मरणात गेले होते.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांचा प्रसिद्ध निबंध आला. त्यात अकरा मुले होती: आठ मुलगे, तीन मुली. कॅनर निरीक्षणात वाकबगार होते. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटण्याचे यंत्र, चावीची खेळणी, इतकेच काय, वारासुद्धा या मुलांना घाबरवून सोडतो, हे त्यांनी टिपून ठेवले. पण त्याचा अर्थ लावताना ते म्हणतात, की मुलाला भीती त्या आवाजाची नसून तो आवाज त्याच्या एकांतात घुसतो याची आहे. पुरावा म्हणून ते सांगतात, की तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने काढते.

या विषयाच्या इतिहासातले हे मोठे वळण आहे, असे मला वाटते. निरीक्षण बिनचूक होते. अर्थ मात्र आधीच हाती असलेल्या शब्दाने लावला. ‘स्व’ हा शब्द मध्यभागी बसलेला असल्याने एकांत हे मूळ आणि आवाज हा निमित्तमात्र ठरला. त्याच पुराव्याचा दुसरा अर्थही निघू शकत होता. आपण स्वतः काढलेला आवाज कधी येणार हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्याचा आवाज न सांगता येतो. आपल्या हाताने गुदगुल्या होत नाहीत, हे लहान मुलालाही माहीत असते. काकाही सरपणावर दणादण कुऱ्हाड चालवत, तेव्हा त्यांना कधी कापूस लागला नाही.

कॅनरनंतर वर्षभराने, १९४४ साली, व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांनी आपल्या निबंधात तशाच मुलांच्या संवेदनांविषयी बरेच लिहिले. विशिष्ट कापडांचा स्पर्श, चवींची टोकाची आवडनिवड, आवाजाचा जाच; आणि त्याच मुलांमध्ये काही बाबतींत दिसणारी आश्चर्यकारक बेफिकिरी. आस्पेर्गर यांचे नाव पुढे एका निदानाला मिळाले. नाझी राजवटीत व्हिएन्नातल्या अपंग मुलांना ठार मारणाऱ्या ‘अम श्पीगलग्रुंड’ या संस्थेकडे त्यांनी काही मुले पाठवल्याचा कागदोपत्री पुरावा हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८मध्ये मांडला. तेव्हापासून ते नाव घेताना अभ्यासक अडखळतात, आणि अडखळावे हेच योग्य.

आईवरचा आळ

मूल एकांतात शिरले आहे असे एकदा ठरले, की त्याला तिथे कोणी ढकलले हा प्रश्न ओघाने येतो. विसाव्या शतकाच्या मध्याला त्याचे उत्तर ‘आईने’ असे दिले गेले. मायेचा ओलावा नसलेल्या, बर्फासारख्या थंड आया हे या अवस्थेचे कारण मानले जाऊ लागले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ने त्या मताला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. ग्रंथनामाचा अर्थच ‘रिकामा किल्ला’. आत कोणी नाही आणि दरवाजे बंद, असे ते चित्र. एका चुकीच्या रूपकाची किंमत हजारो आयांनी मोजली. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४मध्येच हे मत खोडून ऑटिझमचे मूळ मेंदूच्या घडणीत असल्याचे मांडले होते, पण आळ पुसला जायला वेळ लागला.

आपल्याकडे तो ग्रंथ फारसा कोणी वाचला नसेल. आळ मात्र आयता होता. दिवसांत असताना ग्रहण पाळले नाही, बाळाशी बोलली नाही, मोबाइल हातात दिला, नोकरी सोडली नाही... कारणे बदलत गेली, आरोपी तीच राहिली.

दरम्यान, संवेदनांचा धागा कडेकडेने चालू होता. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी स्पर्श, तोल, हालचाल यांची मेंदूत होणारी जुळणी हा विषय लावून धरला. १९७२मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पण खरा बदल घडवला तो ज्यांच्याविषयी इतकी वर्षे लिहिले जात होते, त्यांनी स्वतः लिहायला घेतले तेव्हा. १९८६मध्ये टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन आले, १९९२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डोना विल्यम्स यांचे. ग्रँडिन यांना माणसाची मिठी असह्य होई, पण दाबाची ओढ होती. गुरांना लस टोचताना दोन फळ्यांमध्ये धरतात ते पाहून त्यांनी स्वतःसाठी तसे दाबयंत्र बनवले. दाब किती आणि केव्हा, हे त्यांच्या हातात राही. ही हकीकत वाचताना मला कापसाची खोली आठवली. चहूबाजूंनी सारखा, मऊ दाब आणि आवाज शोषून घेणारा ढीग. काकांनी आपला इलाज आपण शोधला होता. आम्ही त्याला भेकडपणा म्हणत होतो.

‘प्रखर जग’

२००७मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान येथील हेन्री मार्करम, तानिया रिनाल्डी आणि कामिला मार्करम यांनी एक सिद्धांत मांडला. त्याला मराठीत ‘प्रखर जगाचा सिद्धांत’ म्हणता येईल. हेन्री मार्करम हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोइक आम्ल दिलेल्या उंदरांच्या मेंदूत त्यांना असे आढळले, की पेशींची छोटी छोटी मंडले प्रमाणाबाहेर सक्रिय आहेत, लवकर शिकतात, आणि भीतीशी निगडित असलेला भागही अतितत्पर आहे. यावरून त्यांनी म्हटले, की स्वमग्न व्यक्तीत काहीतरी कमी आहे असे समजण्याऐवजी जास्त आहे असे समजून पाहावे: जास्त जाणवणे, जास्त लक्षात राहणे, जास्त भिणे. मूल जगापासून दूर जाते ते जग नकोसे म्हणून नाही. ते सोसवत नाही म्हणून.

कॅनरने लावलेला अर्थ येथे उलटा झाला. अनेक स्वमग्न व्यक्तींना हे वर्णन आपले वाटले. तरीही संशोधनाच्या दृष्टीने सावध राहणे भाग आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ॲना रेमिंग्टन आणि युटा फ्रिथ यांनी २०१४मध्ये दाखवून दिले, की या सिद्धांतामागचा मानवी पुरावा तोकडा आहे. आणि त्यावर विसंबून मुलांना सर्व उत्तेजनांपासून दूर ठेवले, तर नुकसानही होऊ शकते. शिवाय सगळ्यांनाच सगळे तीव्र जाणवत नाही. ज्या काकांना कोऱ्या सदऱ्याची शिवण टोचे, त्याच काकांना चुलीचा चटका बसलेला फोड आल्यावर कळे. एकाच माणसात एक दार सताड उघडे आणि दुसरे अर्धवट लोटलेले असू शकते.

अधिकृत व्याख्येत संवेदनांना जागा मिळाली ती २०१३मध्ये. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना होणारा अति किंवा अत्यल्प प्रतिसाद हे ऑटिझमच्या निकषांपैकी एक ठरले. १९९४च्या चौथ्या आवृत्तीत ते नव्हते. कॅनरने यंत्रांच्या आवाजाने भेदरलेली मुले पाहिली, त्याला तोवर सत्तर वर्षे होऊन गेली होती.

याबाबत आपल्या देशाच्या खात्यावर एक चांगली नोंद आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ऑटिझमची भारतीय मापनश्रेणी २००९ची. तिच्यात चाळीस बाबी सहा गटांत विभागल्या आहेत, आणि त्यातला एक संपूर्ण गट संवेदनांचा आहे.

कायदा आणि नेरची वाट

भारतातला कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते. ऑटिझम त्यात नव्हता. पालकांच्या संघटना तोवर उभ्या राहत होत्या. दिल्लीतली मेरी बरुआ यांची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ची. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमचे नाव घेतले. दाखला मात्र बरीच वर्षे ‘मतिमंद’ म्हणूनच घ्यावा लागे, आणि ज्याची बुद्धी मंद नव्हती त्याला तोही मिळत नसे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. तो एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि ऑटिझम स्वतःच्या नावाने कायद्यात आला.

संख्येचा अंदाजही उशिरा आला. पालवल, कांग्रा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच. शिक्षकांच्या लेखी ती हट्टी, घुमी किंवा ‘लाडावलेली’ असतील.

फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन मुले तपासतात, आणि तपासायच्या तीस आजार-व्यंगांच्या यादीत ऑटिझम आहे. संशय आला तर मुलाला पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे. नेरच्या आईसाठी याचा अर्थ तीसेक किलोमीटरवरचे यवतमाळ. थेरपी आठवड्यातून दोनदा घ्यायची म्हटली, तर तेवढ्याच खेपा, तेवढ्याच बुडालेल्या मजुऱ्या. आणि ज्याला गर्दी, डिझेलचा वास आणि हॉर्न सोसत नाहीत, त्याला न्यायचे ते भरलेल्या एस.टी.तून. उपचाराची वाटच त्याला आजारी पाडणारी.

आवाज कोणाच्या कानाने मोजायचा?

हा अंक दिवाळीचा आहे, म्हणून शेवटी फटाक्यांकडे वळतो. १९९९च्या अधिसूचनेप्रमाणे चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला व विकायला बंदी आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा आखला. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा फटाक्यांना मनाई केली. हे सगळे आकडे सर्वसाधारण कान गृहीत धरून ठरलेले आहेत. ज्याचा कान सर्वसाधारण नाही, त्याच्या घराभोवती कोणताही पट्टा आखलेला नाही. तो आखणे कायद्याला जमेल असेही नाही. शेजाऱ्याला जमू शकते. माळ लावण्याआधी ‘आता लावतो’ एवढे सांगितले, तरी न सांगता येणारा आवाज सांगून येणारा होतो, आणि त्याने किती फरक पडतो हे अशा घरातली माणसे सांगतील.

‘स्वमग्न’ हा शब्द आता शासकीय कागदांत, शाळांत, पालकांच्या तोंडी रुजला आहे. तो बदलावा असा माझा आग्रह नाही. रुजलेले शब्द लेखांनी उपटत नाहीत. फक्त तो उच्चारताना त्याच्या पोटातला ‘स्व’ हा एका वेगळ्याच आजाराच्या वर्णनातून उसना आलेला आहे, एवढे लक्षात असावे.

आमचे नेरचे घर आता स्लॅबचे आहे. कापूस शेतातून थेट बाजारात जातो, घरात मुक्कामाला राहत नाही, आणि ती खोलीही राहिली नाही. काका जाऊन बरीच वर्षे झाली. आजीबद्दल मात्र एक गोष्ट मला फार उशिरा, आईकडून कळली. दिवाळीला सगळ्यांना कोरे कपडे मिळत, पण काकांचा सदरा आजी दसऱ्यालाच शिवून घेई. पुढचे पंधरा-वीस दिवस तो रोज भिजवायचा, धुवायचा, दगडावर चोळायचा आणि पुन्हा वाळवायचा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तो मऊ झालेला सदरा ती कापसाच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवी आणि दार ओढून घेई.